बांबूवरची अक्षरे

इ. स. १९८९ मध्ये फिलिपाईन्सच्या लागुना प्रांतात, लुंबांग नदीच्या मुखाशी वाळू उपसण्याचे काम चालू असता एका मजुराच्या हाती काळा पडलेला तांब्याचा पातळ पत्रा लागला. तो जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेला. त्याला कोणी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा १९९० मध्ये मनिला येथील राष्ट्रीय संग्रहालयाने तो विकत घेतला. पत्रा लहानसाच आहे. सुमारे तीस सेंटिमीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद. त्यावर दहा ओळी कोरलेल्या आहेत. ही अक्षरे वाचली ती अंतोन पोस्टमा या मूळच्या डच अभ्यासकाने. धर्मप्रसारक म्हणून आलेला हा गृहस्थ मिंदोरो बेटावरच्या डोंगरी लोकांत कायमचा राहिला होता, आणि त्यांच्या भाषेचा व लिपीचा अभ्यास हेच त्याच्या आयुष्याचे कार्य होऊन बसले होते. त्याचे वाचन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि फिलिपाईन्सच्या इतिहासाचे पहिले पान बदलावे लागले.

लेखाचा आरंभ 'स्वस्ति' या शब्दाने होतो. पुढे काळ दिला आहे तो असा : शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्षातील चतुर्थी, सोमवार. मराठी माणसाला ही तिथी समजावून सांगण्याचे कारण नाही. गुढीपाडव्याला ज्या शकाचे नवे वर्ष सुरू होते तोच हा शक. इंग्रजी गणनेने हा दिवस २१ एप्रिल ९०० असा येतो. त्या वेळी महाराष्ट्रावर राष्ट्रकूट घराण्यातील दुसरा कृष्ण राज्य करीत होता, आणि त्याच्या राज्यातही ताम्रपटांवर हाच शक घातला जात होता.

ताम्रपटातील मजकूर मात्र राजाच्या दानाचा किंवा दिग्विजयाचा नाही. तो कर्जमुक्तीचा दाखला आहे. नामवरन नावाच्या कोणा प्रतिष्ठित माणसावर एक काटी आणि आठ सुवर्ण एवढे सोन्याचे कर्ज होते. ते फिटले असून त्याचे वंशज त्यातून मुक्त झाले आहेत, असे तुंडूनच्या अधिकाऱ्याने त्याच्या अंकातान नावाच्या मुलीस व बुका नावाच्या तिच्या भावास लिहून दिले आहे. तुंडून म्हणजे आजच्या मनिला शहरातील तोंडो. पुढे कधी कोणी हे कर्ज फिटले नाही असे म्हणू लागला तर काय करावे, हे सांगणारे वाक्य सुरू होते, आणि ते पुरे होण्यापूर्वीच पत्र्यावरची जागा संपते. त्या अपुऱ्या वाक्याचा उरलेला भाग दुसऱ्या एखाद्या पत्र्यावर असेल, पण तो हाती आलेला नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या ताम्रपटाची लिपी जावामध्ये प्रचलित असलेली प्राचीन कवी लिपी आहे, आणि भाषा मुख्यतः जुनी मलायी असून तीत संस्कृत आणि जावानी शब्दांची भर आहे. म्हणजे फिलिपाईन्सच्या देशी भाषांचा तो प्राचीन ग्रंथ नव्हे. तो सांगतो एवढेच की, मॅगेलन १५२१ मध्ये त्या बेटांना लागला त्याच्या सहाशे वर्षे आधी तेथे देणेघेणे लेखी होत होते, तिथी-वार पाहिले जात होते, आणि कर्जापायी स्वातंत्र्य गमावण्याची भीती लोकांना होती. त्यानंतर सहाशे वर्षांचा प्रदेश लेखी साधनांच्या दृष्टीने जवळजवळ कोरा आहे.

फिलिपाईन्स हा साडेसात हजारांहून अधिक बेटांचा देश. त्यांत दीडशेहून अधिक देशी भाषा बोलल्या जातात. तागालोग, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन, बिकोल, वाराय, कापांपांगान, पांगासिनान या त्यांतल्या मोठ्या. उरलेल्यांपैकी कित्येकींचे बोलणारे काही हजार, कित्येकींचे काही शेकडाच आहेत. या भाषांना तेथील सुशिक्षित लोकही अनेकदा 'बोली' म्हणतात. ही अमेरिकन राजवटीत लागलेली खोड आहे आणि ती चुकीची आहे, कारण इलोकानो बोलणाऱ्याला सेबुआनो समजत नाही. दोघांमध्ये मराठी आणि बंगालीइतके अंतर सहज असेल. या सर्व भाषांचे कूळ मात्र एकच. मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या त्या आहेत. पाच या संख्येला तागालोगमध्ये 'लिमा' म्हणतात, मलायीत 'लिमा' म्हणतात, आणि हजारो मैल दूरच्या हवाई बेटावरही 'लिमा'च म्हणतात. लुझॉनच्या जंगलांत राहणारे आग्ता आणि आयता हे आदिवासी या बेटांचे सर्वांत जुने रहिवासी. त्यांच्या मूळ भाषा फार पूर्वी लोपल्या व तेही आज याच कुळातल्या भाषा बोलतात. परंतु त्यांच्या बोलण्यात काही शब्द असे आहेत की ज्यांचे नाते कोणत्याही शेजारी भाषेशी लागत नाही. लॉरेन्स रीड या भाषाशास्त्रज्ञाने ते गोळा करून ते बुडालेल्या भाषांचे अवशेष असावेत असे मत मांडले आहे.

प्रत्येक भाषा आपल्या जगण्याला लागेल तसा शब्दसंग्रह वाढविते. तागालोगमध्ये शेतातल्या साळीला 'पालाय', कांडलेल्या तांदळाला 'बिगास' आणि शिजलेल्या भाताला 'कानिन' असे तीन निराळे शब्द आहेत. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तेथील क्रियापदाची रचना मात्र त्याला नवी वाटेल. मराठीत कर्तरी आणि कर्मणी हे प्रयोग आहेत. तागालोगमध्ये क्रियापदाचे रूप पालटून कर्ता, कर्म, क्रियेचे स्थळ किंवा ज्याच्यासाठी क्रिया केली तो, यांपैकी हवे त्याला वाक्यात मुख्य स्थान देता येते. 'बुमिली' म्हटले की विकत घेणारा पुढे येतो, 'बिनिली' म्हटले की घेतलेली वस्तू, 'बिनिल्हान' म्हटले की जेथून घेतली ते ठिकाण, आणि 'इबिनिली' म्हटले की ज्याच्यासाठी घेतली तो. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी तीनशे वर्षे ही रचना लॅटिन व्याकरणाच्या साच्यात बसविण्याची खटपट केली. तिचे पहिले काटेकोर वर्णन लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन पंडिताने १९१७ मध्ये केले, आणि तेही आपल्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका फिलिपिनो तरुणाच्या तोंडून ऐकून.

या भाषांत संस्कृत शब्द पुष्कळ आहेत. तागालोगमध्ये तोंडाला 'मुखा', शिक्षकाला 'गुरो', आशेला 'आसा', सदसद्विवेकाला 'बुधी', मोत्याला 'मुत्या', देवतेला 'दिवाता' म्हणतात. 'दुखा' म्हणजे दरिद्री मनुष्य. 'बासा' हा 'भाषा' शब्दावरून आला, पण त्याचा अर्थ झाला वाचणे. या शब्दांचा पहिला मोठा संग्रह केला तो त्रिनिदाद पार्दो दे तावेरा या मनिलाच्या विद्वानाने. पेशाने वैद्य असलेल्या तावेरांनी पॅरिसमध्ये राहून प्राच्यविद्येचा अभ्यास केला, १८८४ मध्ये फिलिपाईन्सच्या प्राचीन लिप्यांवर आणि १८८७ मध्ये तागालोगमधील संस्कृतावर पुस्तक लिहिले. हिंदू लोक तेथे केवळ व्यापारी म्हणून आले नसून त्यांनी काही भागांत सत्ताही गाजविली असावी, असे त्यांचे अनुमान होते. भारतीय श्रोत्याला ते गोड वाटेल, पण पुढच्या संशोधनाने ते टिकले नाही. हे शब्द मलाया आणि जावा यांच्या वाटेने, मलायी व्यापाऱ्यांच्या तोंडून तेथे पोचले, असेच आज मानले जाते. स्वदेशाच्या अभिमानाने परदेशाचा इतिहास लिहू नये, हे बरे.

आता लिपीकडे वळावे. स्पॅनिश लोक आले तेव्हा मनिलाच्या परिसरात जी लिपी प्रचारात होती तिला 'बायबायिन' म्हणतात. तिच्यात सतरा अक्षरे होती. तीन स्वर आणि चौदा व्यंजने. प्रत्येक व्यंजनात 'अ' अंतर्भूत. वर खूण केली की इ किंवा ए, खाली खूण केली की उ किंवा ओ. या खुणेला 'कुडलित' म्हणत. ही ब्राह्मीच्याच वंशातली लिपी आहे, याविषयी वाद नाही. ती कोणत्या वाटेने आली याविषयी मात्र पंडितांत एकमत नाही. पेद्रो चिरिनो या जेझुइटाने १६०४ मध्ये रोम येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तांतात लिहिले आहे की, मनिलाच्या बेटावर लिहिता-वाचता न येणारा पुरुष क्वचितच आढळेल आणि स्त्री तर त्याहूनही क्वचित. पाच वर्षांनी आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्यानेही तसेच लिहिले. त्यात अतिशयोक्तीचा अंश धरला तरी, ज्या काळी युरोपातल्या खेड्यांत साक्षर स्त्री दुर्मिळ होती त्या काळची ही साक्ष आहे.

मात्र या लिपीत लोक इतिहास किंवा शास्त्र लिहीत नव्हते. पत्रे, निरोप आणि कविता एवढेच बहुधा लिहीत, आणि तेही बांबूवर व पानांवर, सुरीच्या टोकाने. फिलिपाईन्सच्या दमट हवेत त्यातले काहीच टिकले नाही.

गंमत अशी की या लिपीत छापलेले पहिले पुस्तक मिशनऱ्यांचे आहे. १५९३ मध्ये मनिला येथे लाकडी ठशांवरून 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' ही ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी छापली गेली. तीत स्पॅनिश मजकूर आहे, तागालोग मजकूर रोमन अक्षरांत आहे, आणि तोच पुन्हा बायबायिनमध्ये आहे. तिची आज ज्ञात असलेली एकमेव प्रत वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. त्या काळी स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजमुकुट एकाच मस्तकावर होता, आणि मनिला व गोवे येथे एकाच जातीचा उद्योग चालू होता. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. त्याच दशकात तोमास पिनपिन हा पहिला फिलिपिनो मुद्रक तागालोगचे व्याकरण आणि कोश छापीत होता. इतकेच नव्हे, तर १६१० मध्ये त्याने आपल्या देशबांधवांनी स्पॅनिश कसे शिकावे यावर तागालोगमध्ये स्वतःचे पुस्तकही काढले. पुढे दोन्हीकडच्या वाटा फुटल्या. गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. फिलिपाईन्समध्ये स्पेनच्या राजांनी लोकांना स्पॅनिश शिकविण्याची आज्ञा पुनःपुन्हा केली. पण धर्मोपदेशकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. लोकांच्या भाषा आपण शिकाव्यात आणि लोक व राज्यसत्ता यांच्यामध्ये दुभाषा म्हणून आपणच उभे राहावे, हे त्यांना अधिक सोयीचे होते. त्यांचा हेतू काहीही असो, सव्वातीनशे वर्षांच्या स्पॅनिश राजवटीनंतरही त्या देशात स्पॅनिश ही मूठभरांचीच भाषा राहिली आणि देशी भाषा टिकल्या.

लिपी मात्र टिकली नाही. तिच्यात एक अडचण होती. शब्दाच्या शेवटी येणारे स्वरहीन व्यंजन लिहिण्याची सोयच तिच्यात नव्हती. 'बाहाय' म्हणजे घर आणि 'बाहा' म्हणजे पूर, हे दोन्ही शब्द सारखेच लिहिले जात. संदर्भावरून वाचणाऱ्याने ओळखायचे. तागालोग माणसाला ते जमत असे, स्पॅनिश धर्मगुरूला जमत नसे. १६२० च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेस या धर्मगुरूने इलोकानो प्रश्नोत्तरी छापताना व्यंजनाखाली क्रूसाच्या आकाराची एक नवी खूण योजली. देवनागरीत आपण अक्षराचा पाय मोडतो, तशीच ही पाय मोडण्याची खूण होती. ती योजना उत्तम होती. पण पुढे एका स्पॅनिश धर्मगुरूने नमूद करून ठेवले आहे की लोकांनी तिचे आभारपूर्वक कौतुक केले आणि तिचा स्वीकार करण्यास नकार दिला. आपल्या लिपीच्या प्रकृतीला ती मानवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतरचा ऱ्हास कोणत्याही हुकुमाने झालेला नाही. स्पॅनिशांनी देशी लेखांच्या होळ्या केल्या ही समजूत फार रूढ आहे; तिला पुरावा तुटपुंजा आहे. घडले ते अधिक साधे होते. जन्माची नोंद, लग्नाची नोंद, न्यायालयातला अर्ज, कर भरल्याची पावती, सगळे रोमन अक्षरांत होऊ लागले. ज्याला आपल्या मुलाने पुढे यावे असे वाटे त्याने त्याला रोमन अक्षरे शिकविली. मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात १६१३ आणि १६२५ या वर्षांची, बायबायिनमध्ये लिहिलेली जमिनीची दोन खरेदीखते जपून ठेवली आहेत. २०१४ मध्ये ती राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून घोषित झाली. ती पाहिली म्हणजे ही लिपी व्यवहारात उतरू लागली होती हे कळते. पण आणखी दोन पिढ्यांत तिचा मैदानी मुलखातला वापर जवळजवळ संपला. महाराष्ट्रात मोडीचे काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गोष्टीचा उलगडा सहज होईल. भाषा बोलली जात राहते आणि आजोबांच्या पेटीतला कागद मात्र नातवाला वाचता येत नाही.

हरवलेल्या अक्षरांची हळहळ पुढच्या काळात फिलिपिनो देशभक्तांच्या मनात खोल रुजली. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या कातिपुनान या क्रांतिकारक संघटनेच्या एका निशाणावर सूर्याच्या मध्यभागी बायबायिनमधला 'का' झळकत होता. होसे रिसाल याने आपल्या जगप्रसिद्ध कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये लिहिल्या, पण १८९० मध्ये तागालोगच्या नव्या लेखनपद्धतीचा पुरस्कारही केला. मातृभाषेचे गुणगान करणारी एक कविता त्याने वयाच्या आठव्या वर्षी केली असे तेथील शाळांत पिढ्यानपिढ्या शिकविले गेले. ती त्याची नसावी असे आज तेथील जाणते अभ्यासकच म्हणतात, कारण तीत स्वातंत्र्यासाठी आलेला तागालोग शब्द रिसालला विशीपर्यंत परिचित नव्हता.

या हळहळीचा गैरफायदा घेणारेही निघाले. होसे मार्को नावाच्या गृहस्थाने १९१४ मध्ये मनिलाच्या ग्रंथालयाला काही जुनी हस्तलिखिते दिली. त्यांत कालांतियाव नावाच्या राजाने १४३३ मध्ये केलेली म्हणून एक दंडसंहिता होती. ती पाठ्यपुस्तकांत गेली, तिच्यावर व्याख्याने झाली, राजाचे स्मारकही झाले. विल्यम हेन्री स्कॉट या इतिहासकाराने १९६८ मध्ये आपल्या प्रबंधात एकेक साधन तपासून ती संपूर्ण बनावट असल्याचे दाखवून दिले. फिलिपिनो लोकांपैकी अनेकांना याचे दुःख झाले आणि ते स्वाभाविक होते. राष्ट्रीय इतिहास संस्थेने तिला ऐतिहासिक आधार नाही असे अधिकृतपणे मान्य करायला २००४ साल उजाडावे लागले.

विसावे शतक या भाषांना दुसऱ्या दिशेने कठीण गेले. १९०१ मध्ये अमेरिकन सरकारने शाळांचे माध्यम इंग्रजी केले, आणि त्याच वर्षी 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. स्पॅनिशांनी तीन शतकांत जे केले नव्हते ते चाळीस वर्षांत झाले. शिकलेल्या माणसाची भाषा परकी झाली. राष्ट्रभाषेचा प्रश्न मग निघाला. ३० डिसेंबर १९३७ रोजी, रिसालच्या पुण्यतिथीला, अध्यक्ष मान्युएल केसोन यांनी राष्ट्रभाषा तागालोगच्या पायावर उभारली जाईल असे जाहीर केले. सेबुआनो बोलणाऱ्यांना हे कधीच पूर्णपणे पटले नाही. १९५९ मध्ये या भाषेला 'पिलिपिनो' आणि १९८७ च्या राज्यघटनेत 'फिलिपिनो' असे नाव मिळाले. नाव बदलले म्हणजे तक्रार मिटते असे नाही, हे भारतीयांना सांगायला नको.

हा सारा इतिहास मैदानातला आहे. डोंगरातला इतिहास निराळा आहे, आणि तो अधिक नवलाचा आहे.

मनिलाच्या दक्षिणेला मिंदोरो नावाचे बेट आहे. त्याच्या डोंगरांत मांग्यान या सामान्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठ जमाती राहतात. समुद्रकिनाऱ्यावरचे हल्ले, पुढे स्पॅनिशांचे कर आणि धर्मांतर, या सर्वांपासून दूर होत होत त्या आत सरकल्या. त्यांपैकी दक्षिणेकडची जमात हनुनुओ. या शब्दाचा अर्थच 'खरे', 'अस्सल'. हनुनुओ आणि त्यांचे शेजारी बुहिड यांनी बायबायिनच्या घराण्यातली आपली लिपी शेकडो वर्षे चालू ठेवली. कोणती शाळा नाही, कोणता छापखाना नाही, कोणा राजाचा आश्रय नाही.

हॅरल्ड कॉन्क्लिन हा तरुण अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच त्यांच्यात जाऊन राहिला. त्याला आढळले ते असे : हनुनुओ मुले-मुली पंधरा-सोळाच्या वयात, कोणी न शिकविता, थोरल्या भावंडांकडून व मित्रांकडून अक्षरे उचलतात, आणि त्यामागचा हेतू एकच असतो. प्रेमगीते लिहून घ्यायची, पाठ करायची, आणि आवडत्या माणसाला पाठवायची. ज्याच्याजवळ गीतांचा साठा मोठा त्याचे अनुनय करण्यात पारडे जड. सुरीचे टोक आपल्यापासून दूर ढकलीत ते वेळूच्या कांबीवर खालून वर ओळ कोरत जातात. धनुष्यावर, घराच्या खांबावर, विड्याच्या चुन्याच्या चुनाळ्यावर, जेथे गुळगुळीत बांबू मिळेल तेथे अक्षरे उमटतात. याच कॉन्क्लिनने हनुनुओंच्या वनस्पतिज्ञानाचाही अभ्यास केला. त्यांच्या भाषेत सोळाशेहून अधिक वनस्पतिप्रकारांना स्वतंत्र नावे होती. त्याच परिसरात वनस्पतिशास्त्रज्ञांनी मानलेल्या जातींपेक्षा ती काही शेकड्यांनी अधिक भरली. उलट रंगांना मुख्य शब्द चारच. काळपट, उजळ, तांबूस आणि हिरवट अशी त्यांची स्थूल विभागणी. पण तांबूस म्हणजे वाळलेले आणि हिरवट म्हणजे रसरशीत ओले हा अर्थही त्यांत मिसळलेला. ताज्या कापलेल्या बांबूचा रसाळ तपकिरी भाग त्यांच्या लेखी 'हिरव्या'त मोडतो. रंगाच्या आत ओलावा पाहणारी ही भाषा शेतकऱ्याची आणि रानात राहणाऱ्याची आहे.

त्यांच्या गीतांचा मुख्य प्रकार 'अंबाहान'. ओळीत सात अक्षरे, सर्व ओळींच्या शेवटी एकच यमक, वाद्याची साथ नाही, ठरलेली चाल नाही. भाषा रोजच्या बोलण्याहून जुनी. जे सरळ सांगणे अवघड ते पक्षी, झाड, वाट, नदी यांच्या आडून सांगायचे, हा त्याचा धर्म. पाहुणा आला की यजमान अंबाहान म्हणतो, पाहुणा अंबाहाननेच उत्तर देतो. आई बाळाला म्हणते, म्हातारा निरोप घेताना म्हणतो, आणि तरुण अर्थातच तरुणीला म्हणतो. जात्यावरची ओवी ज्याने ऐकली आहे त्याला सांगणे नको की असल्या पद्याचा कवी शोधण्यात अर्थ नसतो.

ताम्रपट वाचणारे पोस्टमा १९५८ मध्ये मिंदोरोला आले आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथलेच राहिले. त्यांनी हजारोंच्या संख्येने अंबाहान जमविले, आणि १९७२ मध्ये त्यांतल्या निवडक रचनांचा संग्रह, जन्मापासून मरणापर्यंतच्या आयुष्यक्रमाने लावून, प्रसिद्ध केला. त्यांनी आणखीही एक गोष्ट केली. हनुनुओ लिपीतही स्वरहीन व्यंजन लिहिण्याची तीच जुनी अडचण होती. पोस्टमांनी तिच्यासाठी 'पामुडपोड' नावाची खूण सुचविली. फादर लोपेस यांची पाय मोडण्याची खूण तागालोग व इलोकानो लोकांनी परत केली होती. साडेतीन शतकांनंतर तसलीच खूण मिंदोरोच्या डोंगरात चालू झाली. पहिल्या वेळी ती परक्या मजकुरासाठी आली होती आणि दुसऱ्या वेळी ती लोकांच्या स्वतःच्या गीतांसाठी आली, हे कारण त्यामागे असावे. १९९३ मध्ये फिलिपाईन्स सरकारने लोककलांच्या थोर कलावंतांचा राष्ट्रीय सन्मान प्रथमच दिला. त्या पहिल्या तिघांत मान्सालाय येथील हनुनुओ कवी गिनाव बिलोग होता. आपल्या वडिलांनी व इतर वडीलधाऱ्यांनी जपलेले अंबाहान तो वहीत उतरवीत असे आणि मुलांना शिकवीत असे. २००३ मध्ये तो वारला.

ज्यांना लिपी नव्हती त्यांनीही काही कमी जपले नाही. उत्तरेत इफुगाओ लोक डोंगर कोरून केलेल्या भातखाचरांत पीक काढताना आणि प्रेताजवळ जागताना 'हुडहुड' गातात. मुख्यतः स्त्रियांनी सांभाळलेली ही गाथा आहे. एक म्हातारी ओळ उचलते, बाकीच्या ती पुरी करतात, आणि गायन दिवसेंदिवस चालते. दक्षिणेत मिंदानाओ बेटावरील लानाओ सरोवराकाठच्या मारानाओ लोकांचे 'दारांगेन' बहात्तर हजार ओळींचे आहे. याच मारानाओंमध्ये 'महाराडिया लावाना' ही कथा हुआन फ्रान्सिस्को या संस्कृतज्ञ फिलिपिनो पंडिताला मिळाली व त्याने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. लावाना म्हणजे रावण. रामाचे तेथे राडिया मांगांदिरी झाले आहे, आणि ही कथा सांगणारे लोक मुसलमान आहेत. 'हुडहुड' आणि 'दारांगेन' यांचा २००८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात समावेश केला. हनुनुओ, बुहिड, पालावान बेटावरील टागबान्वा आणि पालावान या चार लिप्यांची जागतिक स्मृतिपटावर नोंद १९९९ मध्येच झाली होती.

या गौरवाचा परिणाम शहरात दिसतो. फिलिपाईन्सच्या चलनी नोटांवर आज बायबायिन अक्षरे आहेत; तरुण ती अंगावर गोंदवून घेतात, दुकानांच्या पाट्यांवर रंगवितात. बायबायिनला राष्ट्रीय लिपी करण्याचे विधेयकही संसदेपुढे आले, ते अद्याप कायदा झालेले नाही. त्याला हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे असे की हनुनुओ आणि टागबान्वा यांची अक्षरे अजून जिवंत असताना तागालोगांच्या विसरलेल्या अक्षरांना राष्ट्राचा मान का? हे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

खरा प्रश्न मात्र शाळेच्या पायरीवर आहे. २०१२ पासून फिलिपाईन्सने बालवर्गापासून तिसरीपर्यंत मुलांना त्यांच्या मातृभाषेतून शिकविण्याचा प्रयोग केला. आरंभी बारा भाषांत, नंतर एकोणीस भाषांत. इलोकानो किंवा वाराय मुलाला शाळेत पहिल्या दिवशी आपली भाषा ऐकू आली. पुस्तके वेळेवर झाली नाहीत, शिक्षक तयार नव्हते, एकाच वर्गात तीन-तीन मातृभाषांची मुले निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि हे बंधन काढून टाकण्यात आले. माध्यम पुन्हा फिलिपिनो व इंग्रजी, प्रादेशिक भाषा साहाय्यापुरत्या. ज्या वर्गात सर्व मुले एकाच मातृभाषेची असतील तेथे तिच्यातून शिकविण्याची मुभा ठेवली आहे. तिच्यासाठी अटी आहेत : त्या भाषेची शासनमान्य लेखनपद्धती असावी, नोंदविलेला शब्दसंग्रह असावा, तिच्यातले साहित्य, व्याकरण आणि कोश असावेत, आणि ती बोलणारे प्रशिक्षित शिक्षक असावेत.

मिंदोरोच्या कालापान शहरात २००० साली स्थापन झालेल्या मांग्यान वारसा केंद्रात अंबाहानांचा मोठा संग्रह आहे, आणि तेथून शिक्षक डोंगरातल्या शाळांत जाऊन मुलांना त्यांच्याच पूर्वजांची अक्षरे शिकवितात. पूर्वी ही अक्षरे मुले आपापसांत शिकत असत. आता त्यांच्यासाठी फळा आणि तास लागतो. वहीत लिहिताना ओळ डावीकडून उजवीकडे जाते. बांबू हाती दिला की ती अजून खालून वर चढते.